जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा कशा मिसळाव्यात

परसात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात वर्षा-दोन वर्षांनी अशी वेळ येते, की जुन्यांची अंडी कमी झालेली असतात, एखादी मुंगसाने नेलेली असते आणि नवी पिल्ले आणल्याशिवाय गत्यंतर नसते. पिल्ले आणणे आणि त्यांना ऊब देऊन वाढवणे हे काम बहुतेकांना जमते. खरी अडचण ती पिल्ले तलंगा झाल्यावर, म्हणजे अंगावर पूर्ण पिसे येऊन अंडी घालण्याच्या वयाकडे जाऊ लागल्यावर सुरू होते, कारण आता त्यांना जुन्या कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात राहायचे असते.

खानदेशातल्या गिरणा नदीकाठच्या आमच्या घरी मी हे पहिल्यांदा केले तेव्हा गिरिराज या मोठ्या अंगाच्या सुधारित जातीच्या, नऊ आठवड्यांच्या पाच तलंगा एका रात्री सात जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवल्या होत्या. शेजारच्या आजींनी सांगितले होते, ‘‘रातले टाकी दे, सकायलगून समदं बरं व्हई जाई.’’ सकाळी मी नेहमीपेक्षा तासभर उशिरा दार उघडले. चार तलंगा छताजवळच्या पट्टीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. पाचवी खाद्याच्या डब्यामागे, डोके कोपऱ्यात खुपसून उभी होती. तिच्या डोक्यापासून मानेपर्यंतची पिसे गेली होती, कातडी सोललेली होती आणि पाठीवरच्या पिसांवर रक्त वाळून ती एकमेकांना चिकटली होती. ती तिसऱ्या दिवशी मेली. आजींचा सल्ला सर्वस्वी खोटा नव्हता, पण तो अर्धा होता. उरलेला अर्धा समजून घेण्यासाठी कोंबड्या मुळात का भांडतात, इथून सुरुवात करावी लागते.

भांडणामागचे कारण

कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात एक उतरंड असते. कोणी कोणाला चोच मारायची, कोणी आधी खायचे, दांडीवर सर्वांत चांगल्या जागी कोणी बसायचे, हे त्या उतरंडीने ठरलेले असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२१ च्या सुमारास ही गोष्ट पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. त्यांच्या मांडणीतून आपल्या कामाचा जो मुद्दा निघतो तो असा, की ही उतरंड ठरवण्यासाठी भांडणे होतात हे खरे असले, तरी ती एकदा ठरली की भांडणे थांबतात. आपल्यापेक्षा वरची कोण आणि खालची कोण हे प्रत्येक कोंबडीच्या लक्षात असते, त्यामुळे वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते आणि कोणालाही जखम होत नाही. खुराड्यात एरवी जी शांतता दिसते ती या आठवणीवर उभी असते.

म्हणजेच कळपाची शिस्त ही ओळखीच्या एकेका कोंबडीची आठवण आहे. नवी तलंग आत आली की तिच्याविषयी कोणालाच काही आठवत नाही, आणि तिलाही कोणाविषयी काही ठाऊक नसते. मग प्रत्येक जुन्या कोंबडीला तिच्याशी स्वतंत्रपणे हिशेब करावा लागतो. सात जुन्या आणि पाच नव्या असल्या तर अशा पस्तीस जोड्या होतात, आणि त्या पस्तीसही जोड्यांचा निकाल एका बंद खुराड्यात, एकाच सकाळी लागावा अशी व्यवस्था मी माझ्या हातांनी केली होती.

रात्रीच्या सल्ल्यात किती तथ्य आहे हेही इथेच कळते. कोंबडीला अंधारात फार कमी दिसते, म्हणून रात्री दांडीवर ठेवलेल्या नव्या पक्ष्याला कोणी हात लावत नाही. परंतु उजेड झाला की ती अनोळखी असल्याचे सर्वांना दिसते. नव्या कोंबड्या वयाने आणि आकाराने जुन्यांच्या बरोबरीच्या असतील, दार पहाटेच उघडले जात असेल आणि बाहेर मोकळे अंगण असेल, तर ही पद्धत अनेकदा निभावून जाते. पूर्वीच्या घरांत ती निभावत असे याचे कारण तेच आहे. कोवळ्या तलंगा, छोटे खुराडे आणि उशिरा उघडणारे दार यांच्यासाठी ती नाही.

ओळख कशी पटते, हेही पाहिले पाहिजे. कोंबड्या एकमेकींना प्रामुख्याने डोके आणि तुरा यांवरून ओळखतात, आणि त्यासाठी त्या अगदी जवळ येऊन, मान वळवून, आधी एका डोळ्याने व मग दुसऱ्या डोळ्याने न्याहाळतात. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला महिनाभर ठेवलेली पिल्ले जुन्यांनी ‘‘पाहिलेली’’ असतात असे आपण समजतो, पण त्यांच्या लेखी ती अनोळखीच राहतात. ओळख व्हायची तर मधे जाळी हवी, आणि जाळीच्या दोन्ही बाजूंनी चोचीला चोच लागेल इतके जवळ येता आले पाहिजे. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

भांडणाआधी रोगाचा विचार

तरीही जाळी लावण्याची घाई करू नये. चोचीची जखम एकीला होते. बाहेरून आलेला रोग सगळे खुराडे रिकामे करतो. आपल्या खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे आढळला, त्यानंतर जळगाव जिल्ह्यातही तो निघाला, आणि २०२१ च्या सुरुवातीला नवापूरला पुन्हा तीच वेळ आली. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २००६ मध्ये बाधित परिसरातील घराघरांतल्या परसातल्या कोंबड्यांचाही त्यात समावेश होता. ज्या बाईची भाजी-मिठाची सोय चार कोंबड्यांच्या अंड्यांवर होत होती, तिच्यासाठी तो आघात लहान नव्हता.

नवे पक्षी कोठून आले यावर कोणती काळजी घ्यायची हे ठरते, आणि दोन प्रकारांत धोक्याची दिशा उलटी असते.

आठवडे बाजारातून किंवा पाहुण्यांकडून वाढलेल्या तलंगा आणल्या असतील, तर धोका त्यांच्याकडून जुन्यांना असतो. मानमोडी म्हणजे राणीखेत, श्वसनाचे जुनाट आजार, उवा, पिसवा आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत लपणारे गोचीड हे सारे वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याबरोबर येऊ शकते. असे पक्षी किमान तीन आठवडे, आणि शक्य असल्यास महिनाभर, घराच्या दुसऱ्या बाजूला अगदी वेगळे ठेवावेत. त्यांचे पाण्याचे व खाद्याचे भांडे वेगळे असावे, रोज आधी जुन्यांचे काम उरकून मग नव्यांकडे जावे आणि परतल्यावर हातपाय धुवावेत. पंखांखालची आणि शेपटीखालची पिसे बाजूला करून उजेडात पाहावे. उवा तिथेच असतात. या मुदतीत शिंका, नाकातून पाणी, हिरवट हगवण, मान वाकडी होणे किंवा लंगडणे दिसले, तर तो पक्षी जुन्यांजवळ नेण्याचा विचार सोडून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. एका दिवसात दोन-तीन पक्षी अचानक मेले तर मेलेले पक्षी नाल्यात फेकू नयेत, विकूही नयेत, आणि त्याच दिवशी दवाखान्याला कळवावे.

याउलट हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, एक दिवसाची पिल्ले आणून घरी वाढवली असतील, तर धोका जुन्यांकडून त्यांना असतो. जुन्या कोंबड्या ज्या जंतूंना सरावलेल्या असतात त्यांच्याशी पिल्लांची कधी गाठच पडलेली नसते. रक्ती हगवण हा त्यातला सर्वांत नेहमीचा आजार. त्याचे सूक्ष्म परजीवी जुन्यांच्या विष्ठेतून जमिनीवर पडतात, दमट व उबदार जागी एक-दोन दिवसांत रोग लावण्याइतके तयार होतात, आणि पिल्लाच्या पोटात गेल्यावर पाच-सात दिवसांत विष्ठेत रक्त दिसू लागते. पावसाळ्यात ओल्या भुशावर पिल्ले सोडली की हे हमखास घडते. खाली अंथरलेली भुशाची गादी कोरडी ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय आहे. आजार दिसलाच तर पाण्यातून द्यायचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लगेच सुरू केल्यास बरीच पिल्ले वाचतात.

लसींचा विषय थोडक्यात सांगतो, कारण वेळापत्रक आपल्या भागातील पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. मरेक्स या लकवा आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचतात, ती टोचली आहे की नाही हे पिल्ले घेताना विचारावे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब, पुढे गंबोरो आजाराची लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्याच्या आसपास देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीची टोचून द्यायची लस असा साधारण क्रम असतो. ही शेवटची टोचणी झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच मिसळण्याचे काम हाती घ्यावे. लस आणि नव्या घराचा ताण हे दोन्ही एकाच वेळी पक्ष्यावर लादू नये.

वय आणि ऋतू

कोणत्या वयात मिसळावे याविषयी बरीच मते आहेत. माझा अनुभव बारा ते सोळा आठवड्यांच्या बाजूने आहे. त्याआधी तलंग आकाराने इतकी लहान असते की जुन्या कोंबडीची एक जोरदार चोचही तिला जबर जखम करते, आणि तिला पळण्याइतके पंखांत बळ नसते. नुसते वय मोजण्यापेक्षा आकार पाहावा, आणि नवी तलंग जुनीच्या निदान दोन-तृतीयांश झाली की पुढचा विचार करावा. देशी आणि गिरिराज एकत्र पाळणाऱ्यांनी तर आकारच पाहावा, कारण बारा आठवड्यांची गिरिराज तलंग देशी कोंबडीच्या बरोबरीची झालेली असू शकते, आणि त्याच वयाची देशी किंवा कडकनाथ तलंग गिरिराज कोंबडीपुढे फारच कोवळी दिसते. फार उशीर करण्यातही तोटा आहे. तुरा लाल होऊन अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तलंग जुन्यांना प्रतिस्पर्धी वाटते, आणि त्याच दिवसांत ताण आला तर तिचे पहिले अंडेही लांबते.

ऋतूविषयी मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर भरलेले असते, कोंबड्यांकडे पाहायला हातही जास्त असतात, आणि म्हणून त्या दिवसांत खुराड्यातली मोठी कामे काढण्याची अनेकांना सवय असते. कोंबड्या मिसळण्यासाठी ती वेळ सर्वांत वाईट आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढाच तिच्याकडे उपाय असतो. अशा दुपारी पाठलाग झालेली तलंग उष्माघातानेच मरू शकते. त्यातच सगळ्यांचा जीव पाण्याच्या एका भांड्याभोवती आणि सावलीच्या एका तुकड्यात गोळा झालेला असतो, आणि उतरंडीतली सर्वांत खालची म्हणून नवीलाच तिथून हाकलले जाते.

पावसाळ्यात अडचण वेगळी असते. झड लागली की चार-चार दिवस सारे पक्षी आत कोंडलेले राहतात, गादी ओली होते आणि रक्ती हगवणीला निमंत्रण मिळते. म्हणून दसऱ्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. श्रावण-भाद्रपदात एक दिवसाची पिल्ले आणली तर ती दिवाळीनंतर नेमकी योग्य वयाची होतात, तोवर अंगण वाळलेले असते, शेतात दाणे सांडलेले असतात आणि कोंबड्या दिवसभर पांगलेल्या राहतात. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात रात्री लांब असतात, हे मात्र लक्षात ठेवावे. दांडीवरून ढकललेली नवी तलंग दाराजवळच्या वाऱ्याच्या झोतात रात्र काढते, म्हणून दाराच्या खालच्या भागाला गोणपाट लावावे.

ताटीआडचे दोन आठवडे

खुराड्याला लागून किंवा खुराड्यातच एक कोपरा आखावा. तुराट्यांची ताटी आपल्याकडे सहज होते आणि वाऱ्याला आडोसा म्हणून ती उत्तमही असते, पण तिच्यातून दिसत नाही. म्हणून ताटीचा निदान तीन-चार फुटांचा भाग कापून तिथे अर्ध्या इंचाची पक्की जाळी बसवावी. कोंबड्यांची म्हणून मिळणारी मोठ्या षट्कोनी छिद्रांची जाळी या कामाला वापरू नये, कारण तलंग तिच्यातून डोके बाहेर काढते आणि पलीकडच्या चोचीला नेमके डोकेच मिळते.

या कोपऱ्यात नव्या तलंगा दोन आठवडे राहतात. त्यांची संख्या तीनपेक्षा कमी असू नये. एकट्या तलंगेवर साऱ्या जुन्यांचे लक्ष एकवटते, आणि तिला धीर द्यायलाही कोणी नसते. पहिले दोन-तीन दिवस जुन्या कोंबड्या जाळीपाशी येऊन मान ताणतात, मानेची पिसे फुलवतात आणि जाळीवर चोच आपटतात. त्यानंतर एक साधा उपाय करावा: दोन्ही बाजूंचे खाद्य जाळीला लागूनच ठेवावे, म्हणजे एकमेकींसमोर उभे राहून खाण्याची सवय लागते. दहाव्या-बाराव्या दिवशी जुन्या कोंबड्या जाळीशेजारीच राखेत निवांत लोळताना दिसू लागल्या, तर ओळख पटत असल्याची ती सर्वांत विश्वासाची खूण समजावी. आमच्याकडची जुनी लंगडी कोंबडी तेराव्या दिवशी दुपारी जाळीला पाठ टेकून झोपली, आणि पलीकडून एक तलंग तिच्या शेपटीची पिसे हलकेच चोचीत धरून पाहत होती. त्याच संध्याकाळी मी दार उघडायचे ठरवले.

या दिवसांत आणखी एक गोष्ट रोज करावी. दुपारी दोन तास जुन्यांना आत ठेवून नव्यांना अंगणात मोकळे सोडावे. पाणी कोठे आहे, उकिरडा कोठे, लिंबाच्या झाडाखालची सावली कोठे आणि बैलगाडीखाली कसे शिरायचे हे त्यांना आधीच ठाऊक असले, की पुढे पाठलाग झाल्यावर त्या गोंधळून कोपऱ्यात अडकत नाहीत. जी तलंग मेली तिच्या शरीरातले बळ कमी पडले असे मला वाटत नाही. पळायचे कोठे हे तिला माहीत नव्हते.

प्रत्यक्ष मिसळताना

पहिली भेट मोकळ्या अंगणात, सूर्य मावळण्याच्या तासभर आधी घडवावी. त्या वेळी जुन्या कोंबड्यांची पोटे भरलेली असतात, खुराड्याकडे परतण्याची वेळ जवळ आलेली असते आणि भांडण वाढलेच तर अंधारच ते मोडतो. आधी नव्यांना बाहेर काढावे, थोड्या वेळाने जुन्यांना. मूठभर बाजरी किंवा भरडलेला मका एका जागी न ठेवता अंगणभर विखरून टाकावा, म्हणजे प्रत्येकीची मान खाली राहते. मोठी माणसे जवळ असावीत, पण मधे मधे जाऊ नये. मुलांना आणि कुत्र्याला मात्र त्या तासापुरते आत ठेवणेच बरे.

इथे पाळणाऱ्याची खरी परीक्षा असते, कारण काही चोची खाऊ द्याव्या लागतात. जुनीने येऊन डोक्यावर एक चोच मारली, नवी चार पावले पळाली आणि जुनी पुन्हा दाणे टिपू लागली, तर एका जोडीचा निकाल लागला असे समजावे. दोघी छातीला छाती भिडवून उड्या मारू लागल्या तरी पाच-दहा क्षण थांबावे. बहुतेक वेळा एक जण मान खाली घालून निघून जाते. प्रत्येक वेळी आपण धावून गेलो तर निकाल लागतच नाही आणि तेच भांडण उद्या पुन्हा होते. मात्र दोघी-तिघी मिळून एकीवर तुटून पडल्या, पडलेल्या तलंगेला उठूच देईनात किंवा रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तर क्षणाचाही उशीर करू नये. लाल रंग दिसला की कोंबड्या तिथेच पुन्हा पुन्हा टोचतात, आणि एकदा ही चटक लागली की शांत स्वभावाच्या कोंबड्याही त्यात सामील होतात. जखमी तलंगेला वेगळे काढून जखम स्वच्छ करावी, लाल रंग झाकणारे जांभळे औषध लावावे आणि खपली धरेपर्यंत तिला जाळीआड, पण इतरांना दिसेल अशा जागी ठेवावे. पूर्ण नजरेआड केले तर सगळी ओळख पुन्हा नव्याने करून द्यावी लागते.

याच तर्काने एक गोष्ट उलटी करायची असते, आणि ती अनेकांना सुचत नाही. सतत छळणारी एखादी जुनी कोंबडी असेल तर मार खाणारीला न काढता मारणारीला काढावे. तिला तीन-चार दिवस दूर, कळप दिसणार नाही अशा जागी डालग्याखाली किंवा दुसऱ्या खोलीत ठेवावे, खाणेपिणे नीट द्यावे. ती परत येते तेव्हा उतरंडीतली तिची जागा सैल झालेली असते, तिलाच पुन्हा ओळख करून घ्यावी लागते, आणि तोवर नव्यांचे पाय अंगणात रुजलेले असतात. आमच्याकडे या उपायाने एका कोंबडीचा स्वभाव नाही तरी वागणे नक्की बदलले.

संध्याकाळच्या भेटी चार-पाच दिवस बिनजखमी पार पडल्या की अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस एकत्र सोडावे. रात्रीचा मुक्काम सर्वांत शेवटी एक करावा. त्या पहिल्या रात्री आजींचा सल्ला उपयोगी पडतो: अंधार झाल्यावर नव्यांना हाताने उचलून दांडीवर ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच, कोंबडा आरवण्याबरोबर, दार उघडावे. पहिल्या आठवड्यात या वेळेत चूक होऊ देऊ नये.

खुराड्यातली व्यवस्था यासाठी आधीच बदललेली असावी. पाण्याची आणि खाद्याची भांडी निदान दोन-दोन, आणि एका भांड्यापाशी उभ्या असलेल्या कोंबडीला दुसरे दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवावीत, नाहीतर एकच खाष्ट कोंबडी दोन्हींवर पहारा देते. दांड्या दोन असाव्यात आणि दोन्ही एकाच उंचीवर, कारण उंच दांडी असली की तिच्यासाठी रोज संध्याकाळी झटापट होते. प्रत्येक कोंबडीला वीतभर जागा मिळाली पाहिजे. आत दर पक्ष्यामागे तीन-चार चौरस फूट जागा असली तर उत्तम, आणि तेवढी नसेल तर पक्षी कमी आणावेत. कोपऱ्यात कपाशीच्या काड्यांची एक पेंढी उभी करून ठेवावी. तिच्यामागे लपता येते आणि पाठलाग करणारीच्या नजरेतून निसटता येते. तलंगा अजून लहानखुऱ्या असतील तर त्यांच्या कोपऱ्याच्या ताटीला तळाशी त्यांच्यापुरते, पाच-सहा इंचांचे भोक ठेवावे. तलंग आत शिरते आणि जाडजूड कोंबडी बाहेरच अडते. हे भोक महिनाभर ठेवले तरी काही बिघडत नाही.

एकाच डब्यातले खाद्य

मिसळल्यावर खाद्य कोणते द्यायचे, हा प्रश्न जितका महत्त्वाचा तितकाच दुर्लक्षित आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या तलंगेला साधारण एक टक्का पुरते. अंडी सुरू होण्याआधी तिने हे जादा कॅल्शियम आठवडेच्या आठवडे खाल्ले तर ते बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो, ती निकामी होऊ लागतात, आणि त्याचे परिणाम कधी कधी अंड्यावर आल्यानंतर अचानक मरण्यातून दिसतात. दोघींना वेगळे खाऊ घालणे एका अंगणात शक्य नसते. म्हणून सर्वांनाच वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या पसरट भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला कवच तयार करायचे आहे ती तो आपणहून खाते आणि तलंगा त्याकडे फारशा वळत नाहीत. केवळ दादर ज्वारी, मका, बाजरी आणि घरचे उष्टे-खरकटे यांवर कोंबड्या पाळणाऱ्यांकडे हा धोका नसतो. त्यांच्याकडे प्रथिनांची कमतरता असते, आणि तिच्यासाठी भुईमुगाच्या पेंडीचा चुरा थोडा घालता येतो.

नवीला खायला मिळते आहे की नाही, हे डोळ्यांनी समजत नाही, कारण हाकलली गेलेली तलंगही भांड्याभोवती फिरताना दिसते. हाताने पाहावे. संध्याकाळी ती दांडीवर बसल्यावर गळ्याच्या खाली, छातीच्या किंचित उजव्या बाजूला बोटे फिरवावीत. दिवसभर नीट खाल्लेल्या तलंगेची अन्नाची पिशवी तिथे लिंबाएवढी, दाण्यांनी भरलेली आणि दाबली तर किंचित मऊ लागते. ती सपाट लागली तर त्या तलंगेला त्या दिवशी काही मिळालेले नाही. सलग दोन संध्याकाळी असे आढळले तर दिवसातून एकदा तिला वेगळे खाऊ घालावे आणि भांड्यांच्या जागा बदलून पाहाव्यात. मी पहिले पंधरा दिवस प्रत्येक नव्या पक्ष्याची ही तपासणी रोज करतो, आणि आजवर जितक्या तलंगा वाचवू शकलो त्यातल्या बहुतेक या बोटांच्या चाचणीमुळेच वाचल्या.

खुडूक कोंबडीचा मार्ग

ज्यांच्या घरी देशी कोंबडी आहे त्यांच्यापुढे याहून सोपा मार्ग असतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर तोच चालत आला आहे. खुडूक बसलेली देशी कोंबडी एकवीस दिवसांनी दहा-बारा पिल्ले काढते आणि त्यांना घेऊन अंगणात हिंडू लागते. पिल्लाच्या वाटेला गेलेल्या कोंबडीवर ती पंख पसरून धावून जाते, मग ती कोंबडी उतरंडीत तिच्या वरची असली तरीही. पिल्ले अशा रीतीने कळपाच्या डोळ्यांसमोरच वाढतात, सर्वांना ओळखू लागतात, सर्वांकडून ओळखली जातात, आणि दीड-दोन महिन्यांनी आईने त्यांना दूर सारले की उतरंडीच्या तळाशी, पण ओळखीची म्हणून, राहू लागतात. ताटी, जाळी, संध्याकाळच्या भेटी यांपैकी कशाचीच गरज पडत नाही.

हॅचरीची पिल्लेही तिच्याखाली घालता येतात. ती निदान दोन-तीन आठवडे अंड्यांवर बसलेली असावी आणि पिल्ले एक-दोन दिवसांची असावीत. रात्री अंधारात, दिवा न लावता, एकेक अंडे काढून त्या जागी एकेक पिल्लू सरकवावे आणि पहाटे उजाडण्याआधी तिथे जाऊन बसावे. तिने घशातून हलका आवाज काढून पिल्लांना पंखाखाली घेतले तर काम झाले. तिने चोच उगारली तर पिल्ले ताबडतोब काढून दिव्याच्या उबेला न्यावीत. यातली एक अडचण लक्षात ठेवावी: आईबरोबर फिरणारी पिल्ले पहिल्याच दिवसापासून जुन्यांच्या जमिनीवर असतात, त्यामुळे मरेक्सची लस न टोचलेली पिल्ले या पद्धतीने वाढवणे मला धोक्याचे वाटते.

नवे नर हा विषय वेगळा आहे. चांगला जुना कोंबडा कोंबड्यांच्या भांडणात मधे पडतो आणि पुष्कळदा नव्या तलंगांना संरक्षणही देतो, पण वाढत्या नराला तो अंगणात ठेवून घेत नाही. नवे नर तुरा लाल होण्याआधी वेगळे काढावेत.

तलंगा कळपात रुळायला आठवडा लागतो, कधी महिनाही लागतो. या काळात जुन्यांची अंडी थोडी घटली तर ती परत वाढतात. रुळल्यावर पुन्हा एकदा, गिरिराज असल्यास साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात आणि देशी असल्यास आणखी काही आठवड्यांनी, अंगणात अचानक धुसफुस सुरू झालेली दिसते. नव्यांचे तुरे त्या वेळी लालभडक झालेले असतात, त्या अंड्यावर येत असतात, आणि इतके दिवस मुकाट बाजूला होणारी तलंग आता मान खाली घालत नाही. उतरंड काही जोड्यांपुरती पुन्हा ठरते. त्या आठवड्यात अंड्यांसाठी भुसा भरलेली एक पाटी वाढवून, ती जुन्यांच्या नेहमीच्या पाटीपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी, म्हणजे पहिले अंडे घालायला आलेल्या तलंगेला कोणी तिथून उठवत नाही.